ज्याच्या खिशात पैसा, त्याचेच निदान

एका जागी बसवत नाही, सांगितलेले दोन मिनिटांत विसरतो, दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच तोंड घालतो, असा मुलगा डॉक्टरच्या वा वकिलाच्या घरी जन्मला तर त्याला 'एडीएचडी', म्हणजे अवधानाची कमतरता व अतिचंचलता, असल्याचे निदान होते. तोच वीटभट्टीवरच्या मजुराच्या घरी जन्मला तर वांड ठरतो, मार खातो आणि एक दिवस शाळेतून गळतो. मुलगी असेल तर बहुधा दंगाही करत नाही. नुसती हरवल्यासारखी बसते, 'धांदरट' म्हणवून घेते आणि कोणाच्या नजरेतच येत नाही.

हे सुखवस्तूंचे चोचले आहेत, असे म्हणणारे साथी आपल्यातही आहेत. त्यांचा राग समजतो. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. विकार श्रीमंतांना होतो म्हणून त्यांच्यात दिसतो असे नव्हे; निदान विकत घ्यावे लागते म्हणून तो त्यांच्यातच दिसतो. औषधकंपन्यांविषयीची त्यांची शंका रास्त आहे. पण घाईने चिकटवलेल्या निदानापासून मुलाला वाचवायचे, तरी सावकाश व निःस्वार्थ तपासणीच लागते.

या तपासणीत महाग असे आहे तरी काय? हा विकार ठरवणारी रक्ताची चाचणी नाही, यंत्र नाही. लक्षणे बाराव्या वर्षाआधीची आहेत का, सहा महिने टिकली आहेत का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे पाहायचे असते. त्यासाठी जाणकाराने आईबापांशी निवांत बोलावे, शिक्षकांकडून माहिती घ्यावी, ऐकू न येणे वा झोप न होणे अशी दुसरी कारणे तपासावीत. म्हणजे लागतो तो माणसाचा वेळ. सरकारी बाह्यरुग्ण विभागात तेवढ्याचाच दुष्काळ. खाजगी दवाखाना तोच तासाच्या भावाने विकतो. वर बुद्धिमापन आणि चाचण्यांचे संच जोडले की बिल काही हजारांवर जाते. बुद्ध्यंकाने हा विकार ठरत नाही, हे पालकांना सांगणार कोण?

शासनाला यातले काही ठाऊक नाही असे नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला तो आपल्या पालघरमध्येच, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी नावानिशी आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा यावे आणि संशय आल्यास मुलाला पुढे पाठवावे, अशी योजना. आता जव्हार-मोखाड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवाळीनंतर कुटुंबे भट्ट्यांवर जातात. पथक येते तेव्हा मूल गावात नसते, आणि असले तरी एका भेटीत हा विकार ठरत नाही. पुढे पाठवले तर जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागतात आणि प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते. केसपेपर स्वस्त असेल, पण बुडालेल्या मजुरीची पावती कोणी देत नाही.

कायद्यांची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन-अक्षमता आहे. एडीएचडीचे नाव नाही. उलट 2017 चा मानसिक आरोग्य कायदा भलताच उदार! त्याचे कलम 18 म्हणते की शासकीय सेवा परवडणारी असावी, दारिद्र्यरेषेखालील माणसाला मोफत मिळावी, मुलांसाठी मानसिक आरोग्यसेवा असावी आणि त्यासाठी कोणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये. किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातील अन्य सेवेचा खर्च शासनाने सोसावा, असेही तेथे लिहिले आहे. हा कायदा मे 2018 पासून अमलात आहे. खाजगी दवाखान्याचे बिल या कलमाखाली सरकारकडे मागता येते, हे किती मजुरांना कोणी सांगितले?

तेव्हा मागणी भीक म्हणून करायची नाही. उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणी हवी. सोबत येणाऱ्या पालकाला त्या दिवसाची मजुरी हवी. वर्गातल्या नोंदी करण्यास शिक्षकाला फुरसत हवी, चार इयत्ता एकाच्या गळ्यात बांधून ती मिळत नाही. आणि 2016 च्या यादीत एडीएचडीचा समावेश हवा. तालुका शाखांनी दिवाळीपूर्वी, कुटुंबे गाव सोडण्याआधी, अशा मुलांच्या पालकांना भेटावे, खर्चाची बिले व बुडालेले दिवस लिहून घ्यावेत आणि कलम 18 चा हवाला देऊन एकेकाचा स्वतंत्र अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पोचता करावा. पोच घेतल्याशिवाय परतू नये.