विश्लेषण : ‘एरिया भारी झाला’ की भाडेकरू कुठे जातो? गिरणगावचा धडा बीडला का लागू पडतो?

बीडच्या रुळावर रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. 261 किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी 1995 ची. म्हणजे तीस वर्षे वाट पाहिल्यावर गाडी बीडपर्यंत पोहोचली. रेल्वे आली की जमिनीला भाव येतो, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तो भाव घरमालकाच्या खिशात जातो. घर मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाला तरी सोडावे लागते. मुंबईत हे चार दशके चालू आहे.

या प्रकाराला काय म्हणतात?

‘जेंट्रिफिकेशन’. रुथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनसारख्या भागांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. कामगारांची जुनी घरे मध्यमवर्ग विकत घेत होता, डागडुजी करत होता, भाडी वाढत होती आणि कामगार निघून जात होते. ‘जेंट्री’ म्हणजे खानदानी मंडळी, तेव्हा शब्दात थोडा टोमणाही आहे. मराठीत याला रुळलेला शब्द नाही. आपण साधे ‘एरिया भारी झाला’ असे म्हणतो. यात कुणी काठी घेऊन हाकलत नाही. करार संपतो, नवे भाडे परवडत नाही, पिठाच्या गिरणीच्या गाळ्यात कॅफे येतो. माणूस स्वतःहून सामान बांधतो आणि नोंद कुठेच होत नाही.

गिरणगावात नेमके काय झाले?

लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा गिरण्यांचा पट्टा. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि मुंबईच्या मधोमध असलेली जवळपास 600 एकर जमीन कापडापेक्षा मोलाची ठरली.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 ने या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, असे ठरले. गिरणीची इमारत ज्या जागेवर उभी, ती जागा हिशेबातून गेली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? सार्वजनिक वाटा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला.

पुढचे डोळ्यांसमोर आहे. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिलमध्ये कार्यालये आणि पब आले. 29 डिसेंबर 2017 च्या आगीत तिथे 14 जणांचा जीव गेला, तेव्हा राज्यभर हे नाव पोहोचले. लोअर परळला बिल्डर ‘अप्पर वरळी’ म्हणू लागले. लोअरचे अप्पर व्हायला एक जाहिरात पुरली.

गिरणी कामगारांचा घरांसाठीचा लढा मात्र अजून चालूच आहे. सरकारने शेलू-वांगणीला, म्हणजे बदलापूरच्याही पुढे, घरे देऊ केली. त्यावर ‘घर मुंबईतच हवे’ म्हणत जुलै 2025 मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानात उतरले.

मग सगळेच उठले का?

नाही, आणि खरा मुद्दा इथेच आहे. चाळीतले पागडीचे जुने भाडेकरू भाडे नियंत्रण कायद्यामुळे टिकले; पुनर्विकासात त्यांना हक्काचे घर मिळते. बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचा फ्लॅट मोफत मिळतो आहे. वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या 14 ऑगस्ट 2025 रोजी दिल्या गेल्या. टॉवरचा मेंटेनन्स, लिफ्टचा खर्च पेलेल का, ही धाकधूक आहेच. तरीही ही माणसे आपल्या जागेवर राहिली, हे नाकारता येणार नाही.

झोपडपट्टीत तारीख बघतात. 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत. त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतचा असेल तर अडीच लाख रुपयांत. धारावीत हा दुसरा गट धारावीबाहेर जाणार आहे.

आणि त्याच खोलीत अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा? पुनर्विकासात त्याला काही नाही. दहा वर्षे तिथे राहिला तरी नाही. पात्रता यादीत घरमालकाचे नाव असते, भाडेकरूचे नसते.

मराठवाड्याचा यात काय संबंध?

तो अकरा महिन्यांवाला पुष्कळदा आपलाच माणूस असतो. भोसरी-चाकणला कंपनीत लागलेला, पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारा, मुंबईत टॅक्सी चालवणारा. पेठेतला जुना वाडा पाडून इमारत उभी राहते तेव्हा वाड्याच्या मालकाला फ्लॅट मिळतो, आणि अंधाऱ्या जिन्यावरच्या स्वस्त खोल्या कायमच्या जातात. गावाकडून जाणारे पैसे तेवढ्याने वाढतात.

बीड शहरात काय होऊ शकते?

मुंबईसारखे टॉवर इथे उद्या येणार नाहीत. पण तारीख आणि कागद यांचा खेळ इथेही आहेच. शहराच्या कडेची बरीच वस्ती गुंठेवारीतली. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची सोय झाली, पण शुल्क भरून. जमिनीचा सरकारी दर वाढला की हे ओझेही वाढू शकते. ज्याने बाँडवर प्लॉट घेतला आणि नियमित करायचे राहून गेले, त्याच्याकडून भाव वाढताना स्वस्तात जागा काढून घेणे सोपे जाते.

ऊसतोड कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. दिवाळीच्या आसपास टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. वस्तीचे सर्वेक्षण त्याच महिन्यांत झाले तर दाराला कुलूप. सर्वेक्षणात कुलूपबंद घराची पात्रता पुढे सिद्ध करत बसावे लागते, हे मुंबईच्या वस्त्यांनी भोगले आहे. म्हणून नगरपालिकेचा पीटीआर उतारा, कराची पावती, वीजबिल आणि मतदार यादीतले नाव एकाच पत्त्यावर आहे का, हे आत्ताच पाहून ठेवावे. कराची पावती म्हणजे मालकी नव्हे, पण कोण कधीपासून राहतो याचा तो पुरावा असतो. भाड्याने राहत असाल तर करार नोंदणीकृत करून घ्यावा. पुनर्विकासात घर मिळवून द्यायला तो पुरत नाही, मात्र मुदतीआधी बाहेर काढले किंवा डिपॉझिट अडकवले तर हातात तोच कागद राहतो.

नगरपालिकेच्या पातळीवरचे काम वेगळे. स्टेशन परिसराचा विकास आराखडा करताना त्यात छोट्या भाड्याच्या खोल्या, बाजाराची जागा, हातगाड्यांचा पट्टा आखला गेला, तरच ते तिथे टिकतात. जमीन महाग झाल्यावर आरक्षण टाकणे किती अवघड जाते, ते नियम 58 च्या गोष्टीत आलेच आहे. परळीपर्यंतचे रूळ अजून पूर्ण व्हायचे आहेत, आणि भाव काय चढायचे ते सगळे अजून चढलेले नाहीत.