लक्षद्वीपची लाट आणि गोव्याचा दरवाजा

निजामुद्दीनहून सुटणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस बऱ्हाणपूरवरून जाते, मडगावला थांबते आणि एर्नाकुळमला संपते. लक्षद्वीपला मात्र ती जात नाही. रेल्वे समुद्रात कशी जाणार? तरीही केळीच्या पट्ट्यातल्या दापोऱ्यासारख्या गावातून, जेथून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, एखाद्या तरुणाने प्रवाळबेटांवर लाटेवर उभे राहण्याचा बेत आखला, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एर्नाकुळमला उतरून कोचीहून जहाज किंवा विमान पकडायचे, नाहीतर वाटेत गोव्यात उतरून मोपाहून विमान. ही दुसरी वाट मार्च २०२४ मध्ये उघडली. ‘फ्लाय ९१’ने मोपा ते अगत्ती विमानसेवेचा प्रारंभ केला आणि गोवा नकळत एका अतिनाजूक द्वीपसमूहाचा दरवाजा बनला.

या विमानसेवेला पार्श्वभूमी होती. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यावर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी अनुदार टिप्पणी केली आणि पाहता पाहता ‘मालदीव नको, लक्षद्वीप हवे’ अशी हाक उठली. पर्यटनाचा निर्णय राष्ट्राभिमानाच्या भरात घेतला गेला की नकाशा वाचायचा राहून जातो. मालदीवमध्ये जवळजवळ १,२०० बेटे आहेत. लक्षद्वीपमध्ये ३६, त्यांतली वस्तीची १०. सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार तीवर ६४ हजारांहून अधिक माणसे.

सर्फिंगच्या दृष्टीने पाहिले तर फरक आणखी मोठा आहे. जाहिरातीत दिसते ते निळे, शांत पाणी लगूनचे असते. (पाठ्यपुस्तके त्याला खाजण म्हणतात, गोमंतकीय वाचकाला खाजन म्हटले की बांध आणि मानशी आठवणार, म्हणून येथे लगूनच बरे.) तेथे लाट नसतेच. दूरच्या दक्षिणी वादळांतून निघून हजारो किलोमीटर चालत आलेली लाट फुटते ती बाहेरच्या प्रवाळभित्तीवर, आणि तिचा खरा जोर असतो साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. नेमक्या याच काळात, मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पावसाळ्यामुळे जहाजांची ये-जा आखडते आणि लहान होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात. म्हणजे डिसेंबरात सोय असते, लाट नसते. जुलैत लाट असते, सोय नसते. सर्फिंगसाठी लक्षद्वीप विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले पाहिजे. प्रवेश परवान्याशिवाय तेथे पाऊल ठेवता येत नाही, बंगाराम सोडले तर मद्यबंदी आहे आणि अगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटरचीच असल्याने छोटी विमानेच उतरतात. तेव्हा नऊ फुटी फळी चढेल की नाही, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारलेले बरे. प्रवाळावर पडणे म्हणजे मोरजीच्या वाळूवर पडणे नव्हे. तेथे कातडी सोलून निघते, जखम चिघळते आणि गंभीर रुग्णाला आजही हवाईमार्गे कोचीला न्यावे लागते.

भारतात प्रवाळावरची लाट हवीच असेल, तर जाणकार छोट्या अंदमानातील कुमारी पॉइंटचे नाव घेतात. पण ते ओंगे जमातीचे बेट आहे, आणि तेथील प्रश्न याहूनही जुने व अवघड आहेत.

मुख्य मुद्दा लाटेखालचा आहे. सर्फरला जी लाट हवी असते ती प्रवाळानेच घडवलेली असते, आणि तेच प्रवाळ बेटाचा बांधही असते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. २०२३-२४ च्या उष्णतेच्या लाटेत पुन्हा तेच घडले. १९९८ पासूनच्या दीर्घ निरीक्षणांत अगत्ती, कडमत आणि कवरत्ती येथील जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. बंगारामच्या कंकणद्वीपातील परळी-१ हे निर्जन बेट तर धूप होऊन पाण्याखाली गेले. बेटावरची मासेमारीही यातच गुंतलेली आहे. तेथे ट्यूना जाळ्याने नव्हे, काठी आणि गळाने धरतात. त्यासाठी लागणारे जिवंत आमिष, म्हणजे बारीक मासळी, लगूनमधूनच येते. प्रवाळ गेले की आमिष गेले, आणि आमिषामागोमाग ट्यूनाही.

पर्यटक समुद्र तापवत नाही, हे खरे. पण तापाने अर्धमेल्या भित्तीवर नांगर टाकणारी होडी, मैलापाणी आणि लगूनमध्ये रोवलेले खांब तिला सावरू देत नाहीत. पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंग २०२४ मध्ये ताहितीच्या तेआहुपो येथे झाले. पंचांसाठी उभारायच्या अॅल्युमिनियमच्या मनोऱ्याच्या तयारीत डिसेंबर २०२३ मध्ये एका तराफ्याने तेथील प्रवाळ मोडले. स्थानिक सर्फर व मच्छीमार आधीपासूनच विरोधात होते. त्या विरोधामुळे मनोऱ्याचा आराखडा त्याआधीच आटोपशीर करावा लागला होता. तेथे निदान स्थानिकांचा आवाज जगभर पोहोचला. सुहेली आणि कडमत येथे मोठी हॉटेले उभारण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली, तेव्हा लक्षद्वीपच्या मच्छीमाराचा आवाज कोचीपर्यंत तरी किती पोहोचला?

गोव्याला या बाबतीत अनभिज्ञ म्हणता येणार नाही. ग्रँड आयलंडभोवतीचे प्रवाळ आपल्याच दारात आहे आणि पाणबुड्या पर्यटकांच्या होड्यांची तेथील गर्दी आपण रोज पाहतो. मोपाहून प्रवासी पाठवणाऱ्या गोमंतकीय सहल कंपन्यांनी परवाना, ऋतू आणि भित्तीवरचे नियम तिकिटाबरोबरच सांगावेत, प्रवाळाला घातक रसायने असलेली मलमे बॅगेतून काढायला लावावीत, आणि राज्याच्या पर्यटन खात्याने ही अट नोंदणीशी जोडावी. यासाठी केंद्राच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. सहल कंपन्यांची नोंदणी आजही राज्याच्याच हातात आहे.