चुन्यावाचून सांधा

भोकरदन हे केळना नदीकाठचे गाव. सांची व भरहूत येथील दानलेखांत येणारे भोगवर्धन ते हेच. नदीकाठच्या खडकातील लेणी आजही आहेत. परंतु बांधीव मंदिराची रीत समजून घ्यायची तर याच तालुक्यातील अन्वा गाठावे.

अन्व्याचे मंदिर साधारण १२ व्या शतकातले. आज तेथे महादेवाची पूजा होते. मूळ देवालय मात्र विष्णूचे असावे, असे बाह्यभिंतींवरील मूर्ती सुचवतात. शंख, चक्र, गदा, पद्म धारण केलेल्या त्या स्त्रीमूर्ती म्हणजे विष्णूच्या शक्ती. आयुधांचा क्रम बदलला की नाव बदलते. लोक अशा मंदिरांना सरसकट हेमाडपंती म्हणतात. वस्तुतः हेमाद्री १३ व्या शतकातला. आधीच्या स्थपतींची पुंजीही त्याच्याच खात्यावर जमा झाली!

या शैलीत चुना जवळजवळ नसतोच. एका दगडाला खाच, दुसऱ्याला कुसू. वरच्या थराचे वजन खालच्याला जागेवर धरते. छताच्या चारही कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून पोकळी थराथराने लहान करीत नेतात आणि शेवटच्या एका शिळेने ती मिटवतात. म्हणूनच पिंपळाचे मूळ सांध्यात शिरले की सारा तोल ढळतो.

जपानमध्ये इसुझु नदीकाठी इसे येथील शिंतो देवस्थान लाकडाचे आहे. खांब थेट जमिनीत रोवलेले, वर गवती छप्पर. दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर ते जसेच्या तसे नव्याने उभारतात. २०१३ मध्ये ही ६२ वी वेळ होती. जुने सुतार नव्यांना शिकवतात. तिथे वास्तू बदलते, विद्या टिकते. आपल्याकडे वास्तू उरली, विद्या मात्र गेली.

ओढ्याकाठची लहान, असंरक्षित देवळे यात अधिक भरडली जातात. वर्गणी जमते, जीर्णोद्धार ठरतो आणि खर्चाची पहिली बाब असते फरशी व ऑईल पेंट. रंगाखाली कोरीवकाम बुजते; सांध्यात भरलेले सिमेंट पुढे दगडासकट निघते. दगडांना क्रमांक घालून, छायाचित्रे घेऊन ते उतरवणे आणि पुन्हा त्याच जागी बसवणे, हे काम संथ व खर्चिक आहे. त्यासाठी जाणकार पाथरवट लागतो. त्याची मजुरी अंदाजपत्रकात रंगाच्या आधी लिहावी.