टीसीएल टाकण्याआधी शेवाळ बघा

१. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात पाणी कोसळतं आणि एप्रिलात बायका डवऱ्यापाशी (पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्यापाशी) हंडा भरायची वाट बघत बसतात. मध्य वैतरणा धरण मोखाड्यातल्या कोचाळ्याला. ते पाणी मुंबईला रोज तपासून मिळतं. पाड्यावरच्या विहिरीची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जैविक दोनदा. मधल्या महिन्यांत त्या विहिरीत काय काय झिरपलं, हे विहिरीतलं शेवाळ सांगतं. त्याची नोंद ठेवा, एवढीच मागणी आहे.

२. बाटलीतला नमुना त्या दिवसापुरता बोलतो. दगडाला धरून वाढलेलं शेवाळ मागचे काही आठवडे अंगावर घेऊन बसलेलं असतं. साबणाचं पाणी, शेणमूत, शौचखड्ड्याचा पाझर यांतून नत्र-स्फुरद आलं की काही प्रजाती फोफावतात, काही नाहीशा होतात. हिरवं दिसलं म्हणजे पाणी वाईट, असं मुळीच नाही. झऱ्यातल्या दगडावरचा तपकिरी बुळबुळीत थर बहुतेकदा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, आणि चांगल्या पाण्यातही तो असतोच. कोणतं शेवाळ, हे महत्त्वाचं.

३. अमेरिकेतल्या सी. मर्विन पामर यांनी १९६९ मध्ये शेवाळाच्या २० प्रजाती-गटांना (जीनस) गुण दिले: युग्लिना ५, ऑसिलेटोरिया ५, क्लोरेला ३. बेरीज २० किंवा जास्त भरली, तर सेंद्रिय प्रदूषण भरपूर. तो तक्ता आपल्या डोंगराला डोळे झाकून लावू नये. इथल्या रासायनिक अहवालांशी ताडून बघावा. एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूरच्या डायटमांवर लिहिलं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हा अभ्यास पुढे चालू आहे. जाणकार इथेच आहेत.

४. नमुना घ्यायला सामान फार लागत नाही. महाविद्यालयातला सूक्ष्मदर्शक, जुना टूथब्रश, पांढरी थाळी, आयोडीनचे थेंब. पाण्याखालचा दगड काढायचा, तळहाताएवढी जागा घासायची, थाळीत उतरलेला गढूळ रंग बाटलीत भरायचा. फक्त हे जलसुरक्षकाने विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधी करायचं. क्लोरीनने शेवाळ मरतं, पुरावाही जातो.

५. जुलाबाचे जंतू शेवाळ दाखवत नाही. म्हणून जैविक तपासणी आणि टीसीएल, दोन्ही चालूच राहिले पाहिजेत.

६. ग्रामसभेने दहा विहिरी-झरे निवडावेत. दिवाळीनंतर एकदा, एप्रिलात एकदा, त्याच जागेवरून नमुना घ्यावा. निकाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, पाणी भरणाऱ्या बायकांना वाचून दाखवून.