निनावी निंदेचा जमाखर्च

लखनौच्या उत्तरेस वसलेल्या जानकीपुरमात निवडणुकीचा हंगाम जवळ आला म्हणजे विजेच्या खांबांवर आणि चौकांतील फलकांवर दोन तऱ्हेचा मजकूर दिसू लागतो. एकात हात जोडलेला उमेदवार, पक्षाचे चिन्ह आणि तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक-प्रकाशकांची नावे असतात. दुसऱ्यात प्रतिपक्षाच्या पुढाऱ्याचे विद्रूप चित्र, त्याच्या चारित्र्यावर उडवलेले शिंतोडे आणि तळाशी ‘निवेदक : समस्त क्षेत्रवासी’ एवढेच शब्द. मी या वस्तीचा रहिवासी आहे, आणि माझ्या संमतीवाचून माझ्या नावावर कोणी परक्याने दुसऱ्याची बदनामी करावी, ही गोष्ट मला मनापासून लागते. पक्षही नव्हे, उमेदवारही नव्हे, अशा तिऱ्हाइतांनी पैसा ओतून चालवलेल्या या निंदेचा कैवार घेणारे विद्वान आपल्याकडे आहेत. त्यांच्या म्हणण्याचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

त्यांचा पहिला आधार भाषणस्वातंत्र्याचा. घटनेच्या १९व्या कलमाने नागरिकाला सरकारवर आणि उमेदवारांवर टीका करण्याचा हक्क दिला आहे, टीका करायची तर खर्च येणारच, तेव्हा खर्चावर बंधन म्हणजे वाणीवर बंधन, असा त्यांचा युक्तिवाद असतो, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात २०१० साली दिलेल्या निकालाकडे ते बोट दाखवतात. तो निकाल मला मान्य नाही; परंतु ज्यांना मान्य आहे त्यांनी तो पुरता वाचावा. कंपन्यांना स्वतंत्रपणे खर्च करण्याची मुभा देणाऱ्या त्याच न्यायालयाने, जाहिरात कोणाच्या पैशाने निघाली हे जाहीर करण्याचे बंधन मात्र कायम ठेवले. म्हणजे ज्या निकालाच्या आडोशाला निनावी निंदा उभी राहू पाहते, तो निकालही निनावीपणाला थारा देत नाही.

दुसरा आधार असा की, तिऱ्हाइताचा खर्च उमेदवाराच्या सांगण्यावरून होत नाही, सबब तो त्याच्या हिशेबात धरणे अन्यायाचे आहे. हा युक्तिवाद आपल्या देशात एकदा थेट कायद्यात जाऊन बसला होता. १९७१ साली दिल्ली सदर मतदारसंघात झालेल्या निवडणुकीच्या वादात, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराला ठाऊक असून त्याने त्याला मोडता घातला नसेल, तर तो त्याच्याच नावे मांडला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी ३ ऑक्टोबर १९७४ रोजी दिला. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला आणि पुढे कायदा करून, पक्ष, संस्था, मंडळ किंवा कोणीही व्यक्ती यांनी केलेला खर्च उमेदवाराचा समजला जाणार नाही, असे स्पष्टीकरण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७व्या कलमाला जोडले. खर्चाची मर्यादा कागदावर राहिली आणि तिचा प्राण निघून गेला. २००३ साली ती सूट आवळली गेली खरी. परंतु तोवर जवळजवळ तीन दशकांत पैसा दुसऱ्याच्या हाताने खर्च करण्याची सवय सर्व पक्षांच्या अंगी मुरली होती.

या ठिकाणी अहमदनगरचा दाखला आठवतो. १९९१च्या लोकसभा निवडणुकीत यशवंतराव गडाखांच्या प्रचारसभांतून त्यांचे प्रतिस्पर्धी बाळासाहेब विखे पाटलांविषयी जी विधाने झाली, ती त्याच कायद्याच्या १२३(४) कलमाखाली भ्रष्ट आचार ठरून गडाखांची निवड रद्द झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ती रद्दबातलच ठेवली. त्याच निकालात न्यायालयाने ७७व्या कलमाच्या त्या स्पष्टीकरणावरही कडक ताशेरे ओढले. परंतु ती विधाने सापडली ती कशामुळे? बोलणारा मनुष्य व्यासपीठावर उभा होता, त्याला नाव होते, तो कोणाच्या बाजूने बोलतो हे सभेला ठाऊक होते. आज तीच विधाने समाजमाध्यमांवरील एखाद्या अनाम पृष्ठावरून हजारो भ्रमणध्वनींवर पोहोचली, तर त्यांमागे उमेदवाराची संमती होती हे कोणता फिर्यादी कसे सिद्ध करणार? कायद्याला संमतीचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा निर्माणच होऊ न देणे हाच या व्यवहाराचा हेतू आहे.

देणगीदाराला सुडाचे भय असते, म्हणून गुप्तता हवी, असे कोणी म्हणतात. निवडणूक रोख्यांची सारी उभारणी याच समर्थनावर झाली होती, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मतदाराच्या जाणून घेण्याच्या हक्कापुढे ती टिकू दिली नाही. १९५७ सालीच, टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्यांची परवानगी कायद्यापुढे निरुपाय म्हणून देताना, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी हा पैसा लोकशाहीला घातक ठरेल अशी सूचना संसदेला देऊन ठेवली होती.

राहता राहिला ‘कायदे पुरेसे आहेत’ हा आक्षेप. कायदे आहेत, पण त्यांत मोठी भगदाडे आहेत. उमेदवाराच्या संमतीवाचून त्याच्यासाठी खर्च करणे हा भारतीय दंडविधानाच्या १७१-एच कलमाखाली गुन्हा होता, आणि त्याची शिक्षा पाचशे रुपयांपर्यंत दंड; नव्या न्यायसंहितेत ती दहा हजारांपर्यंत गेली. परंतु हे कलम उमेदवाराच्या विजयास साह्य करणाऱ्या खर्चाविषयी बोलते. केवळ दुसऱ्याला पाडण्यासाठी, कोणाचेही नाव न घेता केलेला खर्च त्याच्या शब्दांतून सहज निसटतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या पत्रकांसंबंधीच्या १२७-अ कलमात ‘बाधा आणणे’ हा शब्द आहे, प्रकाशकाने दोन साक्षीदारांनिशी निवेदन द्यावे अशी तरतूदही आहे. पण त्याची भाषा छापखान्याची आहे. शिवाय उमेदवाराचा हिशेब नामनिर्देशनापासून सुरू होतो, त्याआधीचे महिने मोकळे. आणि लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची मर्यादा असली तरी पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. ‘बाधा आणणे’ हा शब्द खर्चाच्या कलमातही यावा. जाहिरातीवर पृष्ठाचे नाव न छापता मूळ पैसा देणाऱ्याचे नाव छापावे. ठरावीक रकमेपुढे खर्च करणाऱ्या प्रत्येक समूहाने, ब्रिटनमध्ये २००० सालच्या कायद्याने होते तशी, निवडणूक आयोगाच्या दफ्तरी नोंद करावी. आणि पक्षाच्या खर्चालाही मर्यादा असावी. सामान्य नागरिकाने आपल्या पदरचे चार पैसे खर्चून पत्रक काढले तर त्याला मात्र हात लागू नये. ब्रिटनची तिऱ्हाइतासाठी असलेली पाच पौंडांची मर्यादा १९९८ साली स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने अवाजवी ठरवली, ते योग्यच झाले. बंधन हवे ते मोठ्या, छुप्या पैशाला.

उत्तर प्रदेशाच्या विधानसभेची मुदत २०२७ साली संपते. तोवर संसद काही करील वा न करील. परंतु निवडणूक जाहीर झाल्यावर आपल्या गल्लीतील ज्या फलकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव नसेल, त्याचे छायाचित्र काढून आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर किंवा जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे पाठवण्याचे काम प्रत्येक वाचकाला करता येण्यासारखे आहे, आणि ते त्याने करावे.