अपुरे काय : वाक्य की व्याख्या?

पूर्ण अर्थ देतो तो शब्दसमूह म्हणजे वाक्य, असे इंग्रजीच्या तासाला अजूनही सांगितले जाते. ही व्याख्या दिशाभूल करणारी आहे, आणि तिची शिक्षा मात्र मुलांना होते.

नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यातील कोऱ्हाळे बुद्रुकचे एखादे मूल घ्या. ‘हा माझा भाऊ.’ ‘उद्या येतो.’ ‘शाळेत गेलो नाही. कारण पाऊस पडला.’ त्याच्या भाषेत हे सारे निर्दोष आहे. पहिल्यात क्रियापद नाही, दुसऱ्यात कर्ता ‘येतो’मध्येच सामावला आहे, शेवटचे वाक्य ‘कारण’नेच सुरू होते. तेच मूल ‘बिकॉज इट रेन्ड’ लिहून पूर्णविराम देते आणि त्याखाली लाल रेघ उमटते. अर्थ तर पोचला होता! इंग्रजी लेखनाला रूपही लागते : कर्ता हवा, काळ दाखवणारे क्रियापद हवे, ‘बिकॉज’च्या उपवाक्याला मुख्य वाक्याचा आधार हवा. हे त्याला सांगितले कोणी?

अपुरेपणाची जाण या मुलाला आहेच. ‘ऊस तोडून, मोळ्या बांधून...’ एवढे बोलून थांबा. ते लगेच विचारील, ‘मग?’ धातुसाधिताचा धडा इथूनच सुरू व्हायला हवा.

महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ तर १९११ पासून आपल्यापाशी आहे. तरी ही दोन व्याकरणे वर्गात शेजारी बसत नाहीत. मराठीला अडथळा मानणारा शिक्षक मुलाच्या हातातले एकमेव माप काढून घेतो, आणि वर मोजता येत नाही म्हणून त्याचे गुण कापतो.