पहिली पंगत की दुसरी?

गेल्या महिन्यात हातखंबा तिठ्याजवळचे एक निवृत्त काका आणि मावशी माझ्याकडे फॉर्म घेऊन आले. मुलाने त्यांच्यासाठी जहाजाची सफर ठरवली होती. फॉर्ममध्ये प्रश्न होता : रात्रीचे जेवण सहाला की साडेआठला?

मोठ्या जहाजावर सगळे प्रवासी भोजनगृहात एकदम मावत नाहीत, म्हणून दोन पंगती असतात. पहिलीत जेवणाऱ्यांना लवकर झोपता येते. म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना ती सोयीची. दुसरीत मागून कोणी बसायचे नसते, त्यामुळे निवांत जेवता येते. बंदरावर फिरून येणाऱ्यांचीही घाई होत नाही.

काका म्हणाले, "सहाला कोणाला भूक लागते? साडेआठ लिहा."

मी मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "माजा काय, सगल्यांचा झाला की बसेन मी."

मला हसू आले नाही. माझी आई अशीच शेवटी बसायची, टोपात उरेल ते खायची. मावशींना तर मधुमेह. औषध घेऊन उशिरापर्यंत उपाशी राहणे त्यांना धोक्याचे. काकांना तसे सांगितले. ते क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "सहा लिहा."

वाचकहो, पंक्तिभेद आपण पिढ्यान्‌पिढ्या बाहेर सोसला. मग तो आपल्याच घरात का ठेवायचा? आज रात्री वाढणारीचेही ताट सगळ्यांबरोबर मांडा.